आईंच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी: ठेवावी की नाही?

रानजाई | ९ डिसेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले. आमच्याकडे पारा महाबळेश्वरच्याही खाली जातो हे दर हिवाळ्यात बातम्यांत येतंच, त्यामुळे थंडीचं वर्णन करत बसत नाही.

प्रश्न सासूबाईंचा आहे. वय ७८, मधुमेह खूप जुना. रात्री पाय इतके गार पडतात की त्यांना झोप लागत नाही. त्यांची एक लाल रबरी पिशवी आहे. त्यात गॅसवरून उतरवलेलं खदखदतं पाणी भरायचं, टॉवेलात गुंडाळायची आणि पायाशी घेऊन झोपायचं, हा नेम. सकाळी मी अंथरूण काढते तेव्हा टॉवेल एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे असते. ती कधी घेतली हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बुचाच्या खाली बारीक रेघा दिसायला लागल्यात.

जाऊबाईंनी परवा विजेवर तापणारी पिशवी पाठवलीय. दीर म्हणतात, एवढं कशाला, खोलीत कोळशाची शेगडी ठेवा, पूर्वी काय करायचे? आणि आई म्हणतात, मला माझी पिशवी द्या, बाकी काही नको. मला तिन्हींची धास्ती वाटते. तुमच्याकडे वयस्कर माणसं काय वापरतात? पिशवी खरंच फुटते का?

गप्पिष्ट गोदा | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

फुटते गं. आमच्या शेजारच्या काकूंची फुटली होती. कंबर दुखते म्हणून पाठीमागे लावून खुर्चीत टेकून बसल्या होत्या. सगळं वजन पिशवीवर. शिवण उसवावी तशी कडेने फाटली. संक्रांत होऊन गेली तरी जखम ओली होती. त्या रेघा दिसतायत ना, ती पिशवी उद्या सकाळी टाकून दे. आईंना सांग, हरवली.

जुनं खोड | ९ डिसेंबर, रात्री १०:३१

हल्ली प्रत्येक गोष्टीची भीती घालायची पद्धत पडली आहे. आमची आजी चुलीत तापवलेली वीट पोत्यात गुंडाळून पायाशी घ्यायची, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघे शेकायची. नव्वदी पार केली. शेकाने कुणी मेल्याचं ऐकलं नाही.

लीड्सची मंजिरी | १० डिसेंबर, पहाटे ३:१८

रानजाई, मी इंग्लंडमध्ये राहते. इथे प्रत्येक घरात या पिशव्या असतात, आणि २०२२ साली गॅस-विजेची बिलं भडकली तेव्हापासून तर हीटर बंद ठेवून पिशवी मांडीवर घेऊन बसणारी माणसं सर्रास दिसतात. भाजलेल्या रुग्णांचे विभाग दर हिवाळ्यात यावर सूचना काढतात.

इथल्या प्रमाणित पिशव्यांवर बीएस १९७० (ब्रिटिश मानकाचा क्रमांक, साल नव्हे) असं छापलेलं असतं, आणि गळ्याजवळ किंवा पाठीवर रबरातच एक फूल उठवलेलं असतं. मधला आकडा म्हणजे तयार झाल्याचं साल. भोवती बारा पाकळ्या, म्हणजे बारा महिने. पाकळ्यांत ठिपके असतात ते आठवड्यांचे. ठिपके ज्या पाकळीपर्यंत आलेत तो महिना धरायचा. त्या तारखेपासून दोन वर्षं झाली की पिशवी बदला असं इथे सांगतात, दिसायला धडधाकट असली तरी. दुकानात नवी म्हणून घेतलेली पिशवीसुद्धा कधीकधी वर्षभर फळीवर पडलेली निघते, म्हणून मी फूल बघूनच घेते. भारतात मिळणाऱ्या पिशव्यांवर हे फूल असेलच असं नाही. मग घेतल्याची तारीख मार्करने पट्ट्यावर लिहून ठेव.

भरताना: उकळी आलेलं पाणी थेट ओतायचं नाही. पिशवीचा गळा धरायचा, पोट नाही. दोन तृतीयांश भरायची, मग हळूच दाबून पाणी तोंडाशी येईपर्यंत आतली हवा काढायची आणि मगच बूच लावायचं. ठासून भरलेली किंवा हवा कोंडलेली पिशवी अंगाखाली आली की ताण शिवणीवर येतो. बूच लावल्यावर एकदा सिंकवर उलटी धरून बघायची.

आणि टॉवेल नको. टॉवेल सुटतोच. बटणाचं किंवा नाडीचं कव्हर शिवून घे, जुन्या स्वेटरची बाहीसुद्धा चालेल.

नस-नाडी | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

मी डॉक्टर आहे, पण तुमच्या सासूबाईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

सगळे फुटण्याबद्दल बोलतायत. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण न फुटलेल्या पिशवीने भाजलेले असतात.

१९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजलं होतं. आजही तेच आकडे वापरतात. ६० अंशांना सुमारे पाच सेकंद पुरतात. ४४ अंशांना सहा तासांच्या आसपास लागतात. आणि या टोकांच्या मधे, ५१ अंशांपर्यंत, एकेक अंश चढला की लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो. ४४ अंश हाताला कसं लागतं माहितीये? छान, ऊबदार. कुणी तक्रार करणार नाही. पण तेवढी ऊब एकाच जागी रात्रभर दाबून राहिली की सकाळी फोड असतो.

तुमची-माझी कातडी चटका लागला की झोपेतही पाय ओढून घेते. जुन्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात. निरोपच वर जात नाही. शिवाय रक्तपुरवठा कमी असेल तर तापलेल्या मांसाला जास्त रक्त हवं असतं आणि ते पोचत नाही, म्हणजे जखम लवकर होते आणि भरायला महिने लागतात. पाय गमावण्याची सुरुवात अशा एका फोडापासून झालेली मी पाहिली आहे.

त्यामुळे मधुमेह, पक्षाघात, दारू किंवा झोपेची गोळी घेतलेला माणूस, यांच्या अंगाला लागून रात्रभर कसलाही शेक नको. रबरी नको, विजेची नको.

एक करून बघा. आईंना डोळे मिटायला सांगा आणि कापसाची वात करून तिच्या टोकाने अंगठा, करंगळी, चवडा असं हळूच टेकवा. कुठे लागलं ते त्यांनी सांगायचं. दवाखान्यात याला ठरावीक जाडीचा नायलॉनचा दोरा वापरतात, मोनोफिलामेंट. घरची परीक्षा त्याची जागा घेणार नाही, पण अंदाज येईल.

जुनं खोड | १० डिसेंबर, सकाळी ८:२२

डॉक्टर, मग आमच्या आजीला काही कसं झालं नाही?

नस-नाडी | १० डिसेंबर, सकाळी ८:४०

काका, आजीबाईंना शेक देत कोण होतं?

जुनं खोड | १० डिसेंबर, सकाळी ९:०१

आमची आई. किंवा थोरली बहीण.

नस-नाडी | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

तेच. पुरचुंडी तव्यावरून उचलायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग गुडघ्यावर टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. शेक देणारं माणूस जागं असायचं आणि त्याचा हात मधे असायचा. पुरचुंडी पायाशी बांधून कुणी झोपत नव्हतं. ती पद्धत मला आजही मान्य आहे. विटेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ती आतून किती तापली आहे ते वरून कळत नाही.

तिरफळ | १० डिसेंबर, सकाळी ९:३३

थोडक्यात, पिशवी चालेल पण सोबत थोरली बहीण हवी. 😄

रानजाई | १० डिसेंबर, दुपारी २:१०

डॉक्टर, वात लावून पाहिली. उजव्या पायाचा चवडा ठीक आहे. डाव्या अंगठ्याला नि शेजारच्या दोन बोटांना चार वेळा लावली, आई म्हणाल्या "लाव की आता." मी लावतच होते.

शनिवारी त्यांच्या डॉक्टरांकडे नेते आहे. पण तोवर, आणि नंतरही, पाय गरम कसे ठेवायचे?

नस-नाडी | १० डिसेंबर, दुपारी ३:०५

लवकर कळलं हे बरं झालं. अंथरूण गरम करा, आईंना नाही. झोपण्याआधी अर्धा तास पिशवी दुलईत पायांच्या जागी ठेवायची. त्या आडव्या होताना काढून घ्यायची आणि खोलीबाहेर न्यायची. दुलईत कोंडलेली ऊब बराच वेळ टिकते. पायात सैल लोकरी मोजे, इलॅस्टिकचा वळ उठणारे नकोत. डोक्याला कानटोपी. संध्याकाळी घरातल्या घरात दहा मिनिटं फेऱ्या मारायला लावा, पायाकडे रक्त वाहतं. रोज झोपताना तळवे उजेडात बघायची सवय ठेवा. शनिवारी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचंही विचारा, पाय गार पडण्याचं कारण तिथेही सापडू शकतं.

वायरमन नाना | १० डिसेंबर, सायंकाळी ६:४८

जाऊबाईंच्या पिशवीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या बऱ्याचशा पिशव्यांमध्ये कॉइल नसते. आत मिठाचं पाणी किंवा जेल असतं आणि त्यात दोन इलेक्ट्रोड सोडलेले असतात. प्लग लावला की करंट सरळ त्या पाण्यातून वाहतो आणि पाणी तापतं. ठरावीक तापमानाला थर्मोस्टॅटने वीज तोडायची. म्हणजे प्लग चालू असताना आतलं पाणी घरच्या २३० व्होल्टला जोडलेलं आहे, आणि तुमच्यामध्ये नि त्याच्यामध्ये फक्त प्लॅस्टिकचं एक पातळ कातडं आहे. शिवण गळली तर? थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळून पिशवी फुगते ते वेगळंच.

वापरायचीच असेल तर फरशीवर सपाट ठेवून तापवा, कुणी हात लावायचा नाही, कुणी शेजारी झोपायचं नाही. पाणी तापून तिचा दिवा विझला की आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग पिन पिशवीतून काढायची, नंतरच उचलायची. मी स्वतः घरात ठेवत नाही. रबरी पिशवी वाईटात वाईट काय तर भाजेल. ही शॉकही देऊ शकते.

आता गंमत बघा. दीड लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ वर येताना जी उष्णता देतं ती विजेच्या हिशेबात ०.०६ युनिट भरते. दोन किलोवॉटचा रूम हीटर तेवढी वीज दोन मिनिटांत खातो. रात्रभर आठ तास चालवला तर १६ युनिट. खोलीची हवा तापवण्यापेक्षा पांघरुणाखालची जागा तापवणं इतकं स्वस्त पडतं.

हीटर घ्यायचाच तर तेलाचा घ्या, ज्याला पंख्यासारख्या धातूच्या पट्ट्या असतात तो. लाल होणारा रॉड उघडा नसतो, त्यामुळे पदर-पांघरूण पेटायची भीती कमी. त्यावर ओले कपडे मात्र वाळत घालू नका. आणि २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. मोबाईल चार्जरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर, एक्स्टेन्शन लावून चालवलात तर आधी बोर्ड वितळेल.

वर्धा रोड | १० डिसेंबर, रात्री ८:३०

आमच्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक राहते, पण घरं सारी उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली. उंच छत, फरशी गार. आमची माय फरशीवर आधी पोतं, मग सतरंजी, मग गादी टाकायची. वरून तीन पांघरुणं घेऊनही खालून गारवा येते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. रानजाईताई, आईंची गादी पलंगावर आहे की खाली? गादीखाली घोंगडी टाकून पाहा, फरक पडते.

दूरदेशी फौजी | १० डिसेंबर, रात्री ९:५५

बारामुल्ल्याकडे नोकरी झाली आहे म्हणून दोन शब्द.

काश्मिरी माणूस कांगडी घेऊन वावरतो. मातीचं भांडं, त्याला वेताची विणलेली टोपली, आत कोळसा. चिनारची पानं शरद ऋतूत गोळा करून जाळतात आणि तो कोळसा हिवाळाभर पुरवतात. चरार-ए-शरीफच्या कांगड्या नावाजलेल्या, विणकाम बघत राहावं असं. फेरनच्या (लांब, सैल अंगरख्याच्या) आत, पोटाशी धरून माणसं बाजारहाट करतात, गप्पा मारतात, उकिडवं बसून चहा पितात. मला ती वस्तू फार आवडायची, हे कबूल.

पण तिथल्या म्हाताऱ्यांच्या मांड्या नि पोट बघा. तपकिरी जाळं पडलेलं असतं, मासे पकडायच्या जाळ्यासारखं. वर्षानुवर्षं एकाच जागी मंद शेक बसल्याची खूण. काहींना त्याच जागी कातडीचा कर्करोग होतो. श्रीनगरच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच याची नोंद केली, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तो कांगडी कॅन्सर याच नावाने आहे.

आणि उकळत्या पाण्याबद्दल एक. लेहला पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथला जवान "उकळतं पाणी भरतो, काही होत नाही" म्हणाला तर निफाडला ते लागू नाही. आम्ही झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालायचो आणि स्लीपिंग बॅगेत टाकायचो. झोपताना बॅगेबाहेर.

नस-नाडी | १० डिसेंबर, रात्री १०:२०

फौजी, उत्तम लिहिलंत. तसं जाळं मी पुण्यात आयटीवाल्यांच्या मांडीवर पाहिलंय, लॅपटॉपमुळे. आणि पाठदुखीसाठी रोज हीटिंग पॅड लावणाऱ्यांच्या कमरेवर. सुरुवातीला शेक बंद केला की ते फिकट होतं. रोज त्याच जागी लावत राहिलं तर मग राहतं.

कोळसेवाला गल्ली | ११ डिसेंबर, सकाळी ६:५७

दिरांची शेगडी राहिलीच की. ताई, या बाबतीत अजिबात नमतं घेऊ नका.

कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर संपून निखारे लालभडक झाले की लोकांना वाटतं आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. उलट तेव्हाच तो वायू काही न सांगता सुटत असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि थंडीत गुंगी आली तर माणूस काय करतो? दुलई डोक्यावरून ओढून घेतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामनला केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत दगावले, तिथे गॅसचा हीटर होता. म्हणजे कोळसाच हवा असंही नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने होतं तेही हेच.

शेजारी पाण्याची बादली ठेवली की वायू शोषला जातो असं सांगणारे भेटतील. हा वायू पाण्यात विरघळत नाही म्हणण्याइतकाच कमी विरघळतो. बादलीचा उपयोग फक्त आग विझवायला.

शेकोटी अंगणात. निखारे अंगणातच विझवायचे, उरलेल्या निखाऱ्यांची घमेली पडवीत आणायची नाही.

रानजाई | ११ डिसेंबर, सकाळी ११:२०

हे दिरांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, बागेत तर आपण रात्रभर पेटवतोच की! (द्राक्षबागेत पहाटे पारा फार उतरला की मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या करतात आणि ठिबक चालू ठेवतात, विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं.) मी म्हटलं, बागेला छप्पर आहे का? गप्प बसले.

पहिलटकरीण | ११ डिसेंबर, दुपारी १:०५

थोडं अवांतर. माझं बाळ तीन आठवड्यांचं आहे, वजन कमी भरलं होतं. आई म्हणते बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी द्यायची, सासूबाई म्हणतात बाळाच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. दोघींना नाही म्हणणं अवघड आहे.

नस-नाडी | ११ डिसेंबर, दुपारी १:४०

दोन्ही नको. बाळाची कातडी फार पातळ असते आणि त्याला बाजूला सरकता येत नाही. धुराने तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि बंद खोलीत वर कोळशाचं सगळं लिहिलंच आहे.

त्याऐवजी बाळाला फक्त लंगोट, टोपडं, पायमोजे घालून तुमच्या उघड्या छातीवर उभं धरा, पाठीवरून शाल. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडायचे म्हणून डॉक्टरांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी तीच सांगते. तुमच्या अंगाची ऊब कधी जास्त होत नाही. तुम्ही दमलात तर बाबा, आजी, कुणीही धरू शकतं, फक्त धरून झोपी जायचं नाही. दोघींना आळीपाळीने द्या. वाद मिटेल असं वाटतं.

बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, पीत नसेल, किंवा पोट हाताला गार लागलं तर मात्र घरी थांबू नका.

गप्पिष्ट गोदा | ११ डिसेंबर, दुपारी ४:१५

एक राहिलं. गुडघ्याला तेल किंवा बाम चोळून वरून पिशवी ठेवतात ना बायका, ते करू नये म्हणतात. खरं का?

नस-नाडी | ११ डिसेंबर, दुपारी ४:५०

खरं. बाममधल्या औषधाने कातडी आधीच तापलेली असते, वर शेक दिला की फोड येऊ शकतो. आधी शेक, कातडी गार होऊ द्या, मग बाम. आणि तेलाने रबर खराब होतं. तेलकट हातांनी हाताळलेली पिशवी लवकर चिकट होऊन चिरते. वापर झाला की पाणी ओतून, बूच काढून, उलटी टांगून वाळवा. खिडकीतल्या उन्हात नको.

कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढायची, नंतर सूज येते. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावायचं नाही. फोड फोडायचा नाही. मधुमेहींनी फोड छोटा दिसला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

रानजाई | १३ डिसेंबर, रात्री ९:१०

आज जाऊन आलो. डाव्या पायाची संवेदना कमी झाली आहे, औषध बदललं, रक्ताच्या तपासण्या दिल्यात. नवी पिशवी आणली, पट्ट्यावर तारीख घातली. एक भाग साधं, दोन भाग उकळतं असं पाणी भरलं. नऊ वाजता दुलईत ठेवली, आता आई झोपायला गेल्या की काढून आणणार. गादीखाली घोंगडी घातली. सगळ्यात जास्त कौतुक तिचंच झालं. जुनी पिशवी मात्र आईंनी फेकू दिलेली नाही, बूच काढून माझ्याकडे ठेवलंय.

हिंजवडीचा भाडेकरू | १३ डिसेंबर, रात्री ११:३०

नाना, आमच्या फ्लॅटवर १६ अँपिअरचा पॉइंट फक्त गीझरला आहे, बाथरूममध्ये. हॉलमधल्या एसीच्या पॉइंटवर तेलाचा हीटर चालेल का?

वायरमन नाना | १४ डिसेंबर, सकाळी ७:१२

एसीच्या पॉइंटची वायर स्वतंत्र आणि पुरेशी जाड असते, बहुतेक चालेल. त्याचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारं बटण) किती अँपिअरचा आहे ते बघ आणि हीटरची पिन त्या सॉकेटमध्ये घट्ट बसते का तेही. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक. चटका बसला तर बंद कर आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव.